एकाच सुईच्या दोघी

३ नोव्हेंबर १९९७, सोमवार

आक्काला दवाखान्यात घातलं! माझी मोठी बहीण, दिवाळीला म्हणून नंदुरबारहून माझ्याकडे डिंडोलीला आली, तर डोळे हळदीसारखे आणि पोट दिवस भरलेल्या बाईचं. कामरेजला एक माणूस काविळीची माळ घालतो, आधी तिथं नेलं. माळ वाढत वाढत बेंबीपर्यंत आली म्हणून आम्ही खूश — कावीळ उतरली! कसली उतरते. काल रक्ताची उलटी झाली.

डॉक्टरांनी पहिलं काय विचारलं? ही दारू पिते का! माझी आक्का! मी म्हटलं, पिणारे बाहेर फिरताहेत, त्यांना विचारा. यांनी हात धरून मला बाहेर नेलं.

५ नोव्हेंबर

पोटातलं पाणी काढलं. बादलीभर. आक्का विचारते, "माले काय व्हयनं?" म्हटलं, काही नाही, दिवाळीचं तळण बाधलं. खोटं बोलताना माझी जीभ कधी अडत नाही. आज अडली.

स्वाती डबा घेऊन आली. नर्स मालतीबेन आक्काला म्हणते, "तमारी दीकरी?" मी म्हटलं, कळा मी सोसल्या, दीकरी माझी! हसली. "मासी पर गई छे." मावशीवर गेलीय म्हणे, त्यात नवीन काय? तेच नाक, तीच चाल, हसली की डाव्या गालाला तीच खळी. आक्काला मूलबाळ नाही, तिला हे ऐकायला फार आवडतं. आज पण आवडलं.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

दारू नाहीच! हिपॅटायटीस बी म्हणतात. रक्तातून येतो आणि वर्षानुवर्षं गप्प बसून लिव्हर खातो. तपासणीचं नाव ऑस्ट्रेलिया. आक्काने धड मुंबई बघितली नाही.

लहानपणी कधी सुई टोचली होती का, डॉक्टर विचारत होते. विचारता विचारता त्यांची नजर आमच्या हातांवर गेली. गोंदण. आक्काच्या मनगटावर तुळस, माझ्याही. एका दुपारी, दारात आलेल्या एकाच बाईकडून, एकाच सुईने. मी तीन-चार वर्षांची असेन. आई म्हणाली होती, दोघींचं एकदमच उरकून टाक.

मग माझंही रक्त घेतलं. घ्या म्हटलं. मशेरी लावते, तेल-तिखट खाते, दिवसभर साड्यांचे धागे कापते. मला काय धाड भरलीय?

१० नोव्हेंबर

मलाही आहे!

तोच रोग, तितकाच जुना — आणि लिव्हर ठणठणीत! सोनोग्राफी परत करायला लावली. तेच.

डॉक्टरांवरच चिडले. सुई एक, आई एक, एका ताटात जेवलो, मग तिलाच का? ते म्हणाले, "सुई एक, पण अंग एक नाही. आई-बापाकडून दोघींना वेगवेगळं मिळालं असेल. तुमचं अंग त्याला दाबून ठेवतं, त्यांचं नाही." नेमकं काय मिळतं ते अजून कोणालाच नीट कळलेलं नाही म्हणे. मग एवढं शिकले कशाला!

घरातल्यांचं रक्त तपासा म्हणाले. जन्मताना आईकडून मुलाला होतो.

११ नोव्हेंबर

आक्काला सांगितलं. तिने माझ्या गोंदणावरून बोट फिरवलं. म्हणाली, "तू एक तरी राहशील." मी उठून बाहेर आले.

१३ नोव्हेंबर

आक्का गेली.

१७ नोव्हेंबर, सोमवार

रिपोर्ट आले. यांना नाही. स्वातीला आहे. माझ्याकडूनच.

पुढे काय होईल, डॉक्टर आज सांगू शकत नाहीत. स्वाती म्हणाली, "आई, तुला कुठं काय झालंय? मलाही नाही होणार." आणि हसली. गालाला खळी पडली.

पोरगी आईवर गेलीय, असं आजवर एकानंही म्हटलेलं नाही.