रेस आधी, कंप्रेसर मग

अहो,

नळ जायच्या आत टाकी भरायची, कणीक मळायची, तुमच्या डब्याची भाजी परतायची, आणि हे सगळं अर्ध्यावर असताना अंगणातून तुमची हाक यायची. "सुनंदा, ये ना जरा! बस गाडीत!" मग मी पिठाच्या हातांनीच जीपमध्ये चढायची आणि तुमचा चहाचा ग्लास समोर डॅशबोर्डवर ठेवायची. तुम्ही मागे कंप्रेसरपाशी. मी पुढे, स्टीअरिंगखालच्या त्या काळ्या मुठीवर हात ठेवून. इंजिन चालू, ग्लासातला चहा थरथरत, आणि मूठ ओढली की रेस वाढणार.

"ओढ हळूहळू. चहा थांबला का?"

"नाही थांबला."

"अजून थोडी. आता?"

"थांबला!"

"बस. सोड हात." मग कंप्रेसर जोडल्याचा खटका, आणि टाकीत हवा भरायला सुरुवात.

त्या मुठीला कायम कणीक लागलेली असायची. तुम्ही गिऱ्हाइकांना सांगायचे, "हमारी गाड़ी डीज़ल बाद में पीती है, पहले रोटी खाती है!" आठवतं?

तुम्हाला जाऊन वर्ष होत आलं. इतक्या दिवसांत पत्र लिहावं असं कधी वाटलं नाही. जे सांगायचं ते फोटोपुढे उदबत्ती लावताना सांगून मोकळी होते. पण परवा जे झालं ते उभ्या उभ्या सांगण्यासारखं नाही. तुमची जीप विकायची ठरली होती. म्हणून आज बसून लिहिते आहे.

तुमच्यामागे जीप मनोजने चालवायला घेतली. भावजींनी सुचवलं तेव्हा मला आधी पटलं नव्हतं, पण मनोज त्यांचाच मुलगा, दुकान बंद पडल्यापासून घरी बसलेला, आणि पंक्चरचं काम त्याला येतच होतं. मला वाटलं, बरं झालं. शेतात ट्रॅक्टर पंक्चर होऊन बसला, रस्त्यात ट्रक बसला, तर तिथे हवा घेऊन जाणारं कोणीतरी राहिलं. बरगीकडचे लोक अजून तुमच्याच नावाने फोन करतात.

पण कंप्रेसर जोडला की इंजिन धापा टाकायचं आणि बंद पडायचं. दर वेळी! मनोजने एका मिस्त्रीला दाखवलं. त्याने काय केलं असेल? स्लोचा स्क्रूच आवळून ठेवला. म्हणजे गाडी नुसती उभी असली तरी रेस वाढलेलीच. हवा भरली जायची, पण जीप सिग्नलला ओरडायची, गल्लीत ओरडायची, डिझेल ढोसायची, आणि गिअर टाकला की ब्रेकला न जुमानता पुढे झेप घ्यायची. एकदा अधारतालच्या रस्त्यावर भाजीच्या ठेल्याला जाऊन धडकली. ठेलेवाला बाजूला होता म्हणून वाचला. मनोजने त्या दिवशी घरी येऊन जीपची किल्ली माझ्यापुढे ठेवली.

"काकू, ही गाडी माझं ऐकून नाही राहिली," तो म्हणाला. "काकांचीच होती ती. मी कोणाला तरी मारीन एक दिवस. चलो, विकून टाकू."

गिऱ्हाईकही त्यानेच शोधलं. त्याला फक्त जीप हवी होती, कंप्रेसर काढून भंगारात द्या म्हणाला. जीप गेली की मनोज पुन्हा घरी बसणार, आणि बरगीचे फोन येत येत एक दिवस थांबणार, हे मला दिसत होतं. तरी मी हो म्हटलं. माणसापेक्षा जीप मोठी नाही.

गिऱ्हाईक येणार त्याच्या आदल्या सकाळी मनोज जीप पुसत होता. म्हणाला, "काकू, तुमचं काही सामान असेल तर काढून घ्या." वर्षभर मी त्या जीपमध्ये पाय ठेवला नव्हता. चढले, बसले, आणि हात आपसूक मुठीकडे गेला. तर तिच्यावर पूजेचा लाल दोरा, कलावा, गुंडाळलेला! वेढ्यांवर वेढे, वर वाळलेला झेंडू. मूठ हलायला जागाच नाही.

"हे काहून बांधलं रे इथे?"

"दसऱ्याला बांधलं ना, काकू. गाडीची पूजा केली तेव्हा. तीच एक मूठ रिकामी होती, काही कामाची नाही ती."

या वर्षी आपल्या घरात सण नव्हता, म्हणून मी दसऱ्याला बाहेर आलेच नाही. त्याने बिचाऱ्याने एकट्याने नारळ फोडला, कुंकू लावलं, आणि भक्तिभावाने नेमकी तीच मूठ बांधून टाकली. एकदा पूजेचा धागा बांधला म्हटल्यावर त्याने स्वतः तिला हात लावला नाही, आणि मिस्त्रीलाही लावू दिला नाही.

"कामाची नाही? मग काका मला रोज सकाळी इथे काय आरती म्हणायला बसवत होते?"

तो खाली बघत म्हणाला, "मला वाटलं... तुम्ही असंच कंपनी द्यायला बसता. काकांचं होतं ना तसं, तुमच्याबिगर चहा नाही प्यायचे."

मी हसले हो! वर्षभरात पहिल्यांदा इतकं मोठ्याने हसले की मनोजची बायको संगीता स्वयंपाकघरातून बाहेर आली.

पण अहो, तुम्ही त्याला एवढं तरी सांगायचं ना! तुमच्या भावाचा मुलगा, येताजाता अंगणात बघायचा. आता कोणावर रागवू? तुम्हाला तरी कुठे माहीत होतं की तापाचं निमित्त होईल आणि बोलायलाही उसंत मिळणार नाही.

मनोज म्हणाला, "पूजेचं आहे, काकू, तोडू नका." तोडला नाही. वेढे सोडवले आणि स्टीअरिंगला बांधले. मग त्याच्याकडून स्लोचा स्क्रू ढिला करून घेतला. जीप एकदम शांत झाली, तिचा तो जुना आवाज आला. हँडब्रेक ओढायला लावला, गिअर न्यूट्रल आहे ना ते दोनदा बघितलं, चाकाखाली दगड घातला. आणि संगीताला म्हटलं, चहा आण.

"आत्ता चहा?" मनोज म्हणाला.

"प्यायला नाही रे. बघायला."

मूठ घट्ट झाली होती. दोन्ही हातांनी ओढली. ग्लासातला चहा आधी थरथरला, मग जोरात थरथरला, आणि मग, तुम्ही दाखवलं होतं तसाच, थांबला. "जोड आता!" मी ओरडले. खटका वाजला. इंजिन जरासं दबलं, आणि मग सावरलं. कंप्रेसरचा काटा चढायला लागला. तिघांचेही डोळे काट्यावर! टाकी भरली तशी वरच्या व्हॉल्व्हने फुस्स केलं. मनोज आनंदाने धावत आला आणि मूठ आत ढकलायला निघाला. मी त्याच्या हातावर चापट मारली. "आधी कंप्रेसर सोड. रेस मग. चढताना रेस आधी, उतरताना कंप्रेसर आधी!"

"काकू, तुम्हाला हे सगळं कसं माहीत?"

कसं माहीत? चौथीत शाळा सुटलेल्या बायकोपुढे तुम्ही कंप्रेसरची हिंदी पुस्तिका ठेवली होती, म्हणून. "तू वाच, मी जेवतो." अडलेला शब्द तुम्ही सांगायचे, आणि तुम्हालाही नाही आला की आपण दोघं मिळून अंदाज करायचो. मग बडा फुहारा बाजारातल्या रद्दीवाल्याकडून माझ्यासाठी पुस्तकं यायला लागली, मिळतील ती, कधी मधली पानं नसलेली. सासूबाई म्हणायच्या, "बाईमाणसाला गाडीत बसवून काय करून राहिला रे?" तुमचं उत्तर ठरलेलं. "आई, मला दोनच हात आहेत."

परवा त्या सीटवर बसून मला एक सुचलं. रस्त्यावर तर तुम्ही एकटेच असायचे. मूठ तुम्हीच ओढायचे, कंप्रेसरही तुम्हीच जोडायचे. दोन हात पुरत होते की तुम्हाला! मग घरी रोज मला काहून बोलवत होता? मनोज म्हणाला ते अर्धं खरंच होतं तर. इतकी वर्षं मी स्वतःला तुमची मदतनीस समजत होते, आणि तुम्ही मला शिकवतही होता आणि सोबतही घेत होता, तेही मला कळू न देता. किती साधी होते मी! आणि किती बरं केलंत.

आता माझा शब्द. मनोजला चहाकडे न बघता, नुसत्या आवाजावर रेस लावता येईपर्यंत मी त्याच्या बाजूला बसेन. आणि संगीतालाही शिकवीन. ही गोष्ट आपल्या घरात पुन्हा एकाच माणसापाशी राहणार नाही.

दुसऱ्या दिवशी जीप न्यायला तो माणूस आला, त्याला मी दारातूनच नाही म्हणून सांगितलं, आणि मनोजच्या शेजारी बसून बरगीला गेले.

तुमचीच,
सुनंदा