पास झालेलं रबर

बाबा, परवा आमच्या कोलशेतच्या सोसायटीने तुमचा सत्कार केला. तुम्ही हयात नाही हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून फोटो मागून नेला. सध्या देशी शस्त्रांचं कौतुक जोरात आहे. ठाण्यात टेंभी नाक्यावर भलामोठा बॅनर लागलाय, त्यावर झेपावणारं क्षेपणास्त्र आणि त्याहून मोठे नेत्यांचे चेहरे. शास्त्रज्ञ एकही नाही. आमच्या सेक्रेटरींना तुमच्याबद्दल कुठून तरी कळलं, तर दारात येऊन म्हणाले, "मॅडम, तुमचे वडील मिसाइलवाले होते ना? आधी सांगायचं ना!" मी म्हटलं, "रबरवाले होते." त्यांचा चेहराच पडला. पण हाराची ऑर्डर देऊन झाली होती.

आधी एकदा सांगितलं होतं मी, बाबा. चौथीत असताना. वडील काय करतात असं बाईंनी विचारलं आणि मी उभी राहून म्हटलं, माझे बाबा पाणबुडीचं रबर बनवतात. तुमचं आणि आईचं बोलणं अर्धवट कानावर पडलं होतं, तेवढ्यावर. संध्याकाळी ते तुमच्यापर्यंत पोचलं. डोंबिवलीचं ते स्वयंपाकघर अजून डोळ्यांसमोर आहे. आई कणीक मळतेय, तुम्ही बूटही न काढता आत येता आणि माझा दंड धरता. "सरकारी ऑफिसात आहेत, एवढंच सांगायचं. कळलं?" दुसऱ्या दिवशी मी वर्गात पुन्हा उभी राहिले आणि तेवढंच सांगितलं. मागून कुणीतरी ओरडलं, "काल पाणबुडी, आज क्लार्क!" शाळा संपेपर्यंत मी खोटारडी होते. त्याचं पुढे काय झालं, हे तुम्ही कधी विचारलं नाहीत.

मी कॉलेजात असताना आईला ठाण्याच्या हॉस्पिटलात ठेवलं, तेव्हा तुम्ही चाचणीसाठी समुद्रावर गेला होतात. कुठल्या समुद्रावर, ते आजही माहीत नाही. मी तुमच्या नौदलाच्या लॅबच्या नंबरवर पुन्हा पुन्हा फोन करते आणि पलीकडून एकच शांत आवाज सांगतो, "साहेब टूरवर आहेत, निरोप देतो." आई डोळे उघडून विचारते, "निघाले का गं?" मी हो म्हणते. शेवटी अग्नी काकांनी दिला. तुम्ही आलात तेव्हा माणसं पांगत होती, आणि तुमच्या शर्टाला डिझेलचा वास येत होता. काका सगळ्यांसमोर म्हणाले, "एवढं काय अडलं होतं रे तुझ्यावाचून?" तुम्ही मान खाली घातलीत. उत्तर देता येत नव्हतं की द्यायचं नव्हतं, हे मला अजून उमगलेलं नाही.

निदान पाणबुडीत पाणी अडवणाऱ्या त्या रबराचं काही झालं असतं! निवृत्ती जवळ आली होती तेव्हा एकदा तुम्ही लवकर घरी आलात. "आमचं पास झालं," म्हणालात, "पण बाहेरच्या देशातून घेणार आहेत." मी विचारलं, "का?" "वर ठरलं." मग जाऊन गॅलरीत बसलात, ते जवळजवळ शेवटपर्यंत तिथेच. पेपर वाचायचात, पण नौदलाची बातमी आली की पान उलटायचात. तुम्ही गेलात तेव्हा खालच्या मजल्यावरचे गृहस्थ हळहळून म्हणाले, "पोस्टात होते ना?" मी हो म्हटलं. काय सांगणार होते?

परवा नेते उशिरा आले. त्यांनी तुमचं आडनाव चुकीचं वाचलं आणि कॅमेऱ्याकडे बघत तुम्हाला हार घातला. देशाने दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत राहू नये, असं भाषण झालं, टाळ्या पडल्या. तुम्ही हेच गॅलरीत बसून गिळत होतात तेव्हा यातलं कोण होतं तुमच्याजवळ? मी उठून निघाले, तर मागच्या खुर्चीवरून एक बाई आल्या. तुमच्या हाताखाली नव्याने लागलेल्या, आता स्वतःच निवृत्त झालेल्या. कार्यक्रमाचं कळल्यावर कल्याणहून मुद्दाम आल्या होत्या. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "सर रिटायर झाले आणि पुढे बाहेरच्यांनी माल द्यायचं बंद केलं. मग सरांचंच रबर पुन्हा काढलं आम्ही. आता तेच बसवतात."

"कधीपासून?"

"झाली काही वर्षं. सर हयात होते तेव्हापासून."

"आम्हाला कुणी कळवलं नाही."

"कसं कळवणार, ताई?"

तसाच शांत आवाज, बाबा, त्या वेळच्या फोनवरच्यासारखा. मला आनंद व्हायला हवा होता. पण मला हॉस्पिटलातली खाट दिसली, तिच्याशेजारचं रिकामं स्टूल दिसलं. अशा लॅब देशाला लागतात, हे मला कुणी पटवून द्यायला नको. समोरच्याने हात आखडला की कपाटात टाकलेलं कामच उपयोगी पडतं. पण त्या कामाने आमच्या घरातून काय उचलून नेलं, ते भाषणात येत नाही. आणि ते फुकट गेलं नाही, एवढं तुम्हाला जिवंतपणी कुणी सांगू शकलं नाही, हे तर मी कुणालाच माफ करणार नाही. तुम्हालाही नाही, इतकं निमूट राहिल्याबद्दल.

हे लिहिलंय ते पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी पाठवलं नसतं, कारण राग अजून पुरता उतरलेला नाही. फक्त एक गोष्ट खरी सांगते. त्या बाई निघाल्या तेव्हा मी गेटपर्यंत त्यांच्या मागे गेले आणि विचारलं, "टिकतं ना ते? पाणी आत येत नाही ना?" त्या थांबल्या. म्हणाल्या, "ताई, मला एवढंच सांगता येईल. खाली गेलेली माणसं वर येतात." मी त्यांचा हात धरला, आणि रिक्षा येऊन उभी राहिली तरी तो मला सोडवेना.