दहाव्या तळघरातला मामलेदार

१८ सप्टेंबर १९८८, रविवार

नऊच्या सिटी बसनं आप्पा आणि मी टिळकवाडीला. मी शिकवते त्या कॉम्प्युटर क्लासची किल्ली रविवारी माझ्याकडे असते. मशिनं पुसायची, आठवडाभराच्या कामाच्या कॉप्या काढून ठेवायच्या, एवढ्यासाठी क्लासच्या मालकांनी, कामत सरांनी, दिली आहे. तासाभरात उरकतं. मग भुयाराचा खेळ. सरांना माहीत आहे, फ्लॉपी त्यांनीच बेंगळूरहून आणली होती, पण दुसऱ्या मजल्यावर मेले आणि कंटाळले.

आम्ही मेलो नाही. नवव्या मजल्यावर आहोत. चौघं: आप्पा, मी, सर्जा (आमचा वारलेला बैल, खेळात तलवार घेऊन पुढे असतो) आणि आई, जिला औषधपाण्याचे मंत्र येतात. खऱ्या आईनं मशिन अजून बघितलेलं नाही. बघणार नाही म्हणते.

दहाव्या मजल्यावर शेवटचा राक्षस. त्याचं इंग्रजी नाव आप्पांना बोलायला जमेना, म्हणून मामलेदार. "सगळ्यात आत बसतोय, आणि त्याच्याम्होरं गेल्याली फाईल जित्ती म्हागारी येत न्हाय," म्हणाले. छत्तीस वर्षं सर्व्हेअर होते, त्यांना ठाऊक.

आज मन लागलं नाही. का ते उद्या लिहीन.

२० सप्टें., मंगळ

लिहिते. आप्पा प्रत्येक मजल्याचा नकाशा काढतात. ग्राफ पेपर, टोकदार पेन्सिल, प्रत्येक भिंत, प्रत्येक दार. मी कळा दाबते, ते मोजतात. आठ मजल्यांचे आठ कागद, कंग्राळीच्या शेतांचे काढले तितक्याच काळजीनं. एका चौकोनाची चूक नाही.

नवव्याच्या कागदावर उजवीकडची तीन घरं कोरीच. मी म्हटलं, आप्पा इथलं राहिलं. म्हणाले, कुठलं? कागद त्यांच्याच समोर होता. त्यांनी मान पुरती वळवली तेव्हा त्यांना ती घरं दिसली.

पेन्सिलीला टोक काढत बसले.

२५ सप्टें., रवि

आज मुद्दाम बघत होते. बसमध्ये चढताना उजवा दांडा हाताला लागेना. चहाचा कप टेबलाच्या कडेला ठेवला, पडलाच. आप्पा हसले, "म्हातारपन गं." मला हसू येईना.

नववा मजला संपला. खाली जायचा जिना सापडला. उतरलो नाही.

आईला सांगितलं. सांगायला नको होतं असं वाटतंय. "तुझ्या त्या पेटीनं डोळं खाल्लं त्यांचं. रविवार आला की निघाले बापलेक. मी म्हनत हुते, म्हनत हुते..." पुढे रडणं. मी चिडले. मग जेवले नाही. मग दूध प्यायले. असल्या रागाला काही अर्थ नाही.

पण खरंच मशिननं असेल तर?

३ ऑक्टो., सोम

मिरजेला. डॉक्टर तरुण, बोलायला साधे. काचबिंदू. डावा डोळा जवळजवळ गेलेलाच आहे, आप्पा वर्षभर एकाच डोळ्यानं चालवत होते आणि कुणाला पत्ता नाही. उजव्याची कडेची नजर गेली, मधली आहे. नळीतून बघावं तसं.

मी विचारलं, पडद्याकडे बघून होतं का? नाही म्हणाले. आईला ऐकू जावं म्हणून परत विचारलं. परत नाही म्हणाले. आईनं भिंतीकडे बघितलं.

ऑपरेशन उजव्याचं. गेलेलं परत येणार नाही, उरलेलं राखायचं. राहीलच असं मात्र लिहून देता येत नाही. दिवाळीआधी या.

बस निपाणीला थांबली. स्टँडवर आईनं केळी घेतली. मग आप्पा हळूच मला, "कुसे, त्याच्या आदी त्या मामलेदाराचं तोंड बघायचं. एवढं कर."

९ ऑक्टो., रवि

आई दारात उभी. "जावा. बघा काय बघायचं ते." जाऊ दिलं पण असं.

दहावा मजला उतरलो. भिंतींच्या हिरव्या रेघांपैकी आप्पांना एका वेळी एकच दिसते. पडद्याला नाक लावून बसले. आता मी बोलते, ते काढतात. "पुढं दोन, डावीकडं दार." "थांब. दोन का तीन?" तीन होते. माझी चूक.

मामलेदाराचं दार सापडलं. आत नाही गेलो. चौघांचंही रक्त कमी होतं, भरून यायला पाहिजे. फ्लॉपीवर नोंदलं आणि बाहेर.

आप्पांना परत विचारलं, या फ्लॉपीची एक कॉपी काढू का? चौघं मेली की खेळ लगेच फ्लॉपीवरची नावं पुसतो. परत उठवता येत नाही. कॉपी असली तर पुन्हा लढता येईल. दोन मिनिटांचं काम.

"न्हाय. मोजनी एकदाच करायची. एका जागंचं दोन नकाशे झाले की भांडान लागतंय. छत्तीस वर्सं बघितलंय मी."

आप्पा, हा खेळ आहे, म्हटलं. म्हणाले, "मग?"

मिरजेहून आल्यापासून रोज रात्री स्वप्नात मी मामलेदाराच्या दारात उभी असते. दार उघडतं, आत आमचंच स्वयंपाकघर असतं आणि त्यात कुणी नसतं. झोप अशी नाहीच.

१९ ऑक्टो., बुध. खंडेनवमी

हे लिहायला हात वळत नाही.

दरवर्षी खंडेनवमीला आप्पा आपली हत्यारं पूजतात. मोजणीची साखळी, फुटपट्टी, होकायंत्र, पितळी टोकाचा ओळंबा. पाटावर धुतलेलं धोतर, त्यावर मांडणी, हळद-कुंकू, झेंडू. रिटायर झाल्यावरही सोडलं नाही. क्लासला आज सुट्टी, मशिनांना हार घालून सरांनी बंद केलीत. फ्लॉपी मी घरी आणली होती, सुरक्षित म्हणून. सुरक्षित!

विळा घासून आणला तर पाटावर साखळी, पट्टी, ओळंबा आणि शेवटी आमची फ्लॉपी. पाकिटातून काढलेली. मध्ये ती लांबट खिडकी असते ना, जिच्यातून मशिन आतलं वाचतं, बरोबर त्या खिडकीत ओल्या कुंकवाचं बोट. त्यावर हळद. त्यावर दोन अक्षता.

"औंदा माझं हत्यार ह्येच की," आप्पा म्हणाले. "कपाळ सापडंना आदी. मग हाताला लागलं."

मला हसू फुटलं. खरंच फुटलं, आणि मग मी मागच्या दारी गेले आणि रडले. त्यांना काय सांगू? खिडकीला बोट लावू नका हे मी क्लासातल्या प्रत्येक पोराला पहिल्या दिवशी सांगते. बापाला सांगितलं नाही.

आईनं विचारलं, काय झालं. सांगितलं. वाटलं, म्हणेल बरं झालं. तिनं पाटाकडे बघितलं. मग, "त्यांस्नी सांगू नकोस आज. सनाचं."

हत्यार दसऱ्याशिवाय उचलायचं नाही. रात्रभर ती तशीच पाटावर.

२० ऑक्टो., दसरा

पूजा उतरवली. कुंकू वाळून चिकटलं आहे.

आप्पांना सांगितलं. मला वाटलं होतं तसं काहीच झालं नाही. हातातली आपट्याची पानं त्यांनी खाली ठेवली. "म्हंजे चौघंबी गेली?" माहीत नाही म्हटलं. "मी मारली." नाही आप्पा. "कुसे, मला दिसलं असतं तर कळलं असतं. न्हाय?"

हो म्हणायचं का नाही म्हणायचं. मी सोनं दिलं आणि पाया पडले.

२२ ऑक्टो., शनि

कामत सर म्हणाले, फेकून दे, नवीन सुरू कर. नवीन म्हणजे वर्ष. आमच्याकडे वर्ष नाही. त्यांना सांगितलं तेव्हा खुर्ची ओढून बसले आणि मग त्यांनीच युक्ती सांगितली.

फ्लॉपीचं काळं कव्हर ब्लेडनं कापलं. आतली तपकिरी चकती अलगद काढली. बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी परातीत, त्यात चकती. घासायचं नाही, नुसतं हलवायचं. कुंकू सुटलं, पाणी गुलाबी. आई शेजारी उभी. "रेशीम धुतोय तसं कर," म्हणाली, आणि मग माझ्या हातातून घेऊन तिनंच हलवली. आप्पांच्या जुन्या धोतराच्या मऊ तुकड्यावर वाळत ठेवली. त्याच धोतरावर पूजा झाली होती.

नव्या फ्लॉपीचं कव्हर कापून त्यात घातली, वरून चिकटपट्टी. उद्या कळेल.

दोनदा चहा करून ओतून दिला.

२३ ऑक्टो., रवि

मशिन कट्‌कट् करत राहिलं. आप्पा उभेच. मी म्हटलं बसा, बसेनात.

मग एक एक नाव. आप्पा. कुसुम. सर्जा. चौथ्या ओळीत आईचं नाव अर्धं आणि शेवटच्या अक्षराच्या जागी एक बारीकसं हसरं तोंड. मशिनमध्ये असलं एक चिन्ह असतं, ते कुठूनतरी तिथं येऊन बसलंय. बाकी ताकद, मंत्र, सगळं ठीक; फक्त रक्त अजून कमी, ते भरून घेण्यातच आजचा वेळ गेला.

आप्पांना वाचून दाखवलं. इतके हसले की खाली बसावं लागलं. "आयुष्यात एकदा तरी हसली म्हनायची."

घरी आल्यावर आईला सांगितलं. "आनि मी काय करते गं त्यात?" म्हटलं, सगळ्यांना बरं करतेस. "मग हितं येगळं काय."

आप्पांना विचारलं, आता तरी कॉपी करू का? न्हाय म्हणाले. या माणसापुढे डोकं आपटावं.

३० ऑक्टो., रवि

परवा मिरज. आज शेवटचा रविवार. आई पहिल्यांदा आली. चपला बाहेर काढल्या, एसीत पदर अंगभर घेतला, खुर्चीच्या कडेवर बसली.

दार उघडलं.

मामलेदार म्हणजे नुसत्या रेघा, डोक्यावर शिंगासारखं काहीतरी, डोळ्यांच्या जागी काळी भोकं. पण पडदाभर. आप्पा पुढे वाकले, मान डावी-उजवी करत त्याला तुकड्या-तुकड्यानं बघितलं. "हां. दिसला. मोठा हाय की."

पहिल्याच फेरीत सर्जा गेला. दुसरीत मी. स्वतःचं नाव विझताना बघणं काही बरं नाही. आप्पांची तलवार लागत होती, पण त्याचं रक्त संपेचना. आईचे मंत्र आप्पांवर खर्च होत होते, एकानं रक्त भरलं की मामलेदार दुप्पट काढून घेई. माझी बोटं घामानं कळांवरून घसरत होती. आई म्हणाली, "ह्यांस्नी दे, ह्यांस्नी दे की गं," जणू मी तिचंच औषध अडवून ठेवलंय.

मग त्यानं अंधाराचा मंत्र टाकला. पडद्यावरच्या सगळ्या रेघा गेल्या. पडदा काळा.

आप्पांचा हात माझ्या दंडावर. घट्ट. "कुसे. माझं गेलं का मशिनचं?"

"मशिनचं, आप्पा. मशिनचं."

त्यांनी श्वास सोडला तो अजून कानात आहे. आईनं डोळे पुसले.

खाली अक्षरं उमटली. आप्पा पडले. उरली एकटी आई, हसऱ्या तोंडाची. एक मंत्र शिल्लक. मामलेदाराचं किती उरलंय ते खेळ सांगत नाही. मशिन विचारत होतं, काय करणार?

मी विचारलं, आई, काय करू? ती आप्पांकडे बघायला लागली. मग त्यांनी हात पुढे केला, मशिनवरून चाचपत नेला, फ्लॉपीची कळ उचलली आणि फ्लॉपी बाहेर ओढली. तांबडा दिवा चालू होता.

आप्पा! म्हणून मी ओरडलेच.

"आज न्हाय," म्हणाले. "आज बगितलं तर बगायचं काय उरलं? ऱ्हाऊ दे त्याला तितंच. आल्यावर बगू." आणि फ्लॉपी सदऱ्याच्या खिशात.

दिवा चालू असताना ओढली म्हणजे आत काय लिहिलं गेलं, काहीच सांगता येत नाही. दारातच उभे असू, किंवा सगळेच पुसले गेलो असू. मशिनला विचारल्याशिवाय कळायचं नाही. हे मी त्यांना सांगितलं. "मग ईचारू की," म्हणाले.

२ नोव्हें., बुध. मिरज

झालं. डॉक्टर म्हणाले, नीट झालं. पुढचं पट्टी सोडल्यावर.

ऑपरेशनच्या कपड्यांना खिसा नाही. फ्लॉपी कुणाकडे द्यायची यावर आप्पा आत जाईपर्यंत अडून बसले. मी हात पुढे केला, त्यांनी आईला दिली.

४ नोव्हें., शुक्र

दोन दिवस डोळ्यांवर पट्टी. आप्पा मनातल्या मनात दहावा मजला चालतात, बोटानं चादरीवर. "तीन पुढं, डावीकडं दार." बरोबर आहे.

मला बसवत नाही. व्हरांड्यात फेऱ्या. नर्स दोनदा ओरडली.

आईला सांगून ठेवलंय, लोहचुंबकाजवळ नको, उन्हात नको, खिडकीला बोट नको. तिनं स्टीलचा डबासुद्धा खाटेच्या पलीकडे ठेवला. मघाशी आप्पांना विचारत होती, "पट्टी काढल्यावर आदी काय बगनार?"

"मामलेदाराला."

तिनं चादर नीट केली. जरा वेळानं आप्पांनी हवेत हात फिरवला, तिचं मनगट सापडलं. "अगं, तू बी हाईस न्हवं त्यात. एकटीच उभी हाईस."

"किती उरलंय माझं?"

"एक मंत्र."

उद्या दहाला पट्टी सोडणार. आई फ्लॉपी मांडीवर घेऊन बसली आहे.