यांनी सांगून ठेवलेलं कार्ड

२२ नोव्हेंबर २००७, गुरुवार

...हंडे भरून झाले होते, न्हाणीची चूल पेटली होती आणि मी ओट्यावर तांदूळ निवडत बसले होते. चैत्रातला कुठलासा रविवार. हे आतल्या खोलीत कॉम्प्युटरचं झाकण काढून रंगाच्या ब्रशने धूळ झटकत होते. "अगं, यात चिमणीचं घरटं निघेल एखादं." मी म्हटलं, "निघालं तर राहू द्या, तेवढाच उपयोग." गौरी खो खो हसली. बस, एवढीच सकाळ. आज फोन वाजला आणि नेमकी तीच आठवली.

फोन यांच्या मोबाईलवर. मी तो अजून चार्ज करून ठेवते. पुण्याचा दुकानदार होता. "साहेबांनी सांगून ठेवलेलं ग्राफिक कार्ड आलंय. सेकंडहँड, पण एकदम चांगलं. कधी पाठवताय त्यांना?"

"बघते," म्हटलं.

आषाढात गेले हे. लवळ्याच्या कॉलेजात, ड्यूटीवरच, हॉस्टेलच्या मीटरखोलीत. त्याला कुठून कळणार.

२३ नोव्हें.

तो कॉम्प्युटर हॉस्टेलातल्या मुलाचा. मुलगा पास होऊन गावी निघाला, तेव्हा स्वस्तात देऊन गेला. तेव्हाच जुना होता. हे हॉस्टेलचे वायरमन. रविवारी लोकांच्या घरची कामं घ्यायचे आणि त्यातून एकेक भाग आणायचे. एका दिवाळीला रॅम. मग पंखा. मॉनिटर तर भंगारातून आणून स्वतः उभा केला. सगळं कशासाठी, तर गाड्यांच्या शर्यतीच्या गेमसाठी! बापलेकीत मिळून एक गाडी. गौ. वळवायची, हे वेग द्यायचे. मशीनला तो गेम झेपायचा नाही, गाडी अडखळत जायची, वळण दिसेपर्यंत भिंतीवर आपटलेली. "कार्ड येऊ दे, मग बघ," हे रोजचं. तेवढ्यात लाईट जायची.

हे गेल्यापासून गौ. त्या खोलीत पाऊल टाकत नाही. बारा वर्षांची पोर. रडलीसुद्धा नाही. बाबांचं नाव निघालं की उठून जाते. मला दुसरं काही नाही, त्याचीच भीती वाटते.

२४ नोव्हें.

सासूबाईंना सांगितलं. वाल सोलत होत्या.

"वरीस झाल्याबिगर घरात नवं काय आणायचं न्हाई. ठावं हाय ना?"

"हो."

"मंग?"

"यांनीच सांगून ठेवलंय. निम्मे पैसे देऊन."

त्यांनी मूठभर वाल सुपात टाकले. मग म्हणाल्या, "जित्ता असताना सांगितलं न्हवं त्यानं? मंग ते नवं कसं? त्येचंच हाय. आन जा." थोड्या वेळाने, "करतं काय पर ते?"

म्हटलं, चित्रं भराभर पळवतं.

"लई हौस रं बाबा तुला." हे मला नव्हतं.

२६ नोव्हें., सोमवार

पुण्याला जाऊन आले. दुकानदाराला सांगितलं तेव्हा तो स्टुलावरून उठून उभा राहिला. "दर शनिवारी फोन करायचे ओ वहिनी. आलं का, आलं का. फोन यायचा बंद झाला तेव्हा मला वाटलं, रागावले." उरलेले पैसे घ्यायला तयार नव्हता. मी दिले. यांना आवडलं नसतं.

बसमध्ये खोकं मांडीवर. वरचं इंग्रजी एकेक अक्षर लावून वाचत आले. हे असते तर शेजारच्या माणसाला उघडून दाखवलं असतं.

गौ.ने खोकं पाहिलं. वळसा घालून आत गेली. जेवताना मात्र म्हणाली, "बसवणार कोण?"

आपणहून विचारलं तिने. मी ताटात बघत राहिले, नाहीतर तिने माझं तोंड पाहिलं असतं.

२ डिसेंबर, रविवार

कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमधले वानखडे आले होते. यवतमाळचे, इकडे एकटे राहतात, यांच्या डब्यात जेवायचे. सासूबाई उंबऱ्यात बसल्या. गौ. आधी दाराबाहेर, मग दारात, मग आत येऊन बॅटरी धरून उभी.

वानखड्यांनी कार्ड लावून पाहिलं. फिरवून पाहिलं. मग स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. "वहिनी, हे बसत नाही."

"जोर लावा की जरा," सासूबाई.

"जोराचं काम नाही आजी. खाच वेगळी आहे. आपलं मशीन जुन्या खाचेचं, कार्ड नव्या खाचेचं. दादांनी हॉस्टेलात कोणाच्या मशीनमध्ये पाहिलं असंल. मला एक शब्द विचारायचा न."

विचारणार कशाला? वायरमन माणूस. पिन दिसली की बसणारच.

आणि गौरी हसायला लागली. "बाबांनी चुकीचं घेतलं! इतकी वाट बघून चुकीचं!" पोट धरून हसत होती. सासूबाईंनाही हसू फुटलं, "बापासारखाच व्हता, त्योबी उलटी कुदळ घ्यायचा." हसता हसता गौ.चा आवाज फाटला. बॅटरी पडली. मग आम्ही तिघी तिथेच, त्या उघड्या मशीनपाशी. वानखडे बाहेर जाऊन बसले होते. चहा न घेताच गेले बिचारे.

३ डिसें.

गौ. माझ्या कुशीत झोपली. डोळे सुजलेत, पण सकाळी बाबांचा विषय तिनेच काढला, दोनदा.

अशी चूक हे असताना सापडली असती तर मी वर्षभर पुरवली असती. येताजाता चिडवलं असतं. आता सापडली आणि...

५ डिसें., बुधवार

वानखड्यांचा निरोप. दुकानदार कार्ड बदलून देतो म्हणाला. जुन्या खाचेचं त्याच्याकडे एकच आहे, तसली आता निघत नाहीत. शनिवारपर्यंत ठेवेल.

गौ.ला सांगितलं.

"नाही बदलायचं."

"अगं, मग गेम चालणार कसा?"

"नको चालू दे. बाबांनी हे घेतलंय."

"गेम चालावा म्हणूनच घेतलं ना?"

"तू बदललंस तर ते तू आणलेलं होईल. बाबांचं नाही."

मी सासूबाईंकडे पाहिलं. "माज्याकडं काय बघतीस? म्या सांगितलं ते ह्या कार्डाचं. दुसऱ्याचं मला ठावं न्हाई."

गौ.ने खोकं स्वतःच्या कपड्यांच्या फडताळात ठेवलं. फ्रॉकवर फ्रॉक रचले वर.

६ डिसें.

पोरीचं खरं आहे. बदललं तर यांनी घेतलेली शेवटची वस्तू मी परत केली, असं होईल. यांची चूकच तेवढी नवी हाती आली होती, तीही जाईल.

पण हे असते तर सोमवारीच, पहिल्या बसने, तोंड लपवत गेले असते. चुकीचं कार्ड घरात ठेवून घेणारा माणूस नव्हे तो. आणि ती खोली. रविवारी उघडली, ती गौ.ने परत लोटून घेतली आहे. आणखी थोडे दिवस गेले की तिला सवय होईल. मलाही झालीच असती. पोरगी मोठी होईल, सासरी जाईल आणि एक बसत नसलेलं कार्ड घेऊन...

शनिवारपर्यंतच ठेवणार आहे तो.

७ डिसें., शुक्रवार

गौरी शाळेत गेल्यावर फडताळातून खोकं काढलं. सासूबाई भात वाळत घालत होत्या. पिशवी बघून म्हणाल्या, "साळा सुटायच्या आत ये. तिला म्या न्हाई सांगायची."

बसने पुण्याला गेले आणि कार्ड बदलून आणलं. फडताळात ठेवलं नाही. ओट्यावर बसले आहे, मांडीवर घेऊन, शाळेच्या वाटेकडे तोंड करून.