क्रांतीला मांडीवर का घेतलं नाही

प्रिय अपेक्षा,

तू माझा फोन उचलत नाहीस, ते एका परीनं बरंच आहे. उचललास तरी मी पाऊसपाणी विचारून ठेवून देईन. शिवाय तुझा फोन स्पीकरवर असतो आणि सासूबाई शेजारी लसूण सोलत बसलेल्या असतात. म्हणून कागद घेतला. धनाजी शिरवळहून सुट्टीवर आलाय. तो उद्या विट्याला येऊन हे तुझ्याच हातात देईल. भाऊ आला म्हणून चहा ठेवशील, तो नंतर ठेव. आधी हे एकटी बसून वाच.

इकडचं बरं चाललंय. तुझी लाडकी काळी मेंढी व्याली, दोन्ही कोकरं धट्टीकट्टी आहेत. तुझ्या आईचे गुडघे कुरकुरतात आणि त्याहून जास्त ती माझ्यावर कुरकुरते. तिचं चुकत नाही.

बारशाचं लिहितो. तुझ्या नणंदेनं पाळण्यातून क्रांतीला उचलून माझ्यापुढं धरली आणि मी हात मागं घेतले. मेंढरं बघून येतो म्हणालो आणि भरल्या मांडवातून चालता झालो. संध्याकाळी तू आईला म्हणालीस, पोरगी झाली म्हणून आबांचं तोंड उतरलं. मी शेडात होतो, मला ऐकू आलं. सवा महिना पुरा व्हायच्या आत तू बॅग भरलीस, तरी मी गप्प राहिलो. पोरी, लाज कशाची वाटते सांगू? तुझं ते बोलणं ऐकून मला हायसं वाटलं होतं. लोकांना कारण मिळालं होतं आणि ते खरं नव्हतं. नातीचा दुस्वास करणारा म्हातारा गावाला चालतो. मला जे झालंय ते चालत नाही.

मला टीबी झालाय. बारशाच्या आदल्या आठवड्यात थुंकीचा रिपोर्ट आला. ऍलर्जी, धुरळा, डाळिंबावरची फवारणी, जे जे सांगितलं ते सगळं खोटं.

आपल्या घरात या दुखण्याचं नाव कधी घेतलंच नाही. माझे चुलते बिरदेव कोकणाकडं मेंढरं घेऊन जायचे, तेव्हा मी पोर त्यांच्या एकाच घोंगड्यात झोपायचो. ते खोकून खोकून गेले. घरातली माणसं म्हणाली, त्यांना मोठा खोकला होता. डॉक्टर म्हणतात, नक्की सांगता येत नाही, पण जंतू कदाचित तेव्हाच आत आला असेल. आत आला म्हणजे आजार झाला असं नाही. कित्येकांच्या अंगात तो नुसता पडून असतो. खोकला नाही, ताप नाही, छातीचा फोटो स्वच्छ, आणि तसल्या माणसापासून दुसऱ्याला लागतही नाही. मला ते लांडग्यासारखं वाटलं. कुत्री जागी असेपर्यंत तो वाड्याबाहेर दबा धरून बसतो. माझ्या अंगातली कुत्री साखरेच्या दुखण्यानं थकली. मधली एक पायरी अशीही असते म्हणे, की आजार सुरू झालेला असतो आणि माणसाला पत्ताच नसतो. तू बाळंतपणाला आलीस तेव्हा मी बहुतेक त्याच पायरीवर होतो. मग खोकला सुरू झाला आणि तू आणि क्रांती एका भिंतीपलीकडं झोपत होता. रिपोर्ट आल्यावर मी शेडात झोपायला गेलो, पण तोवरचे दिवस गेलेच होते.

दवाखान्यात विचारलं, घरात कोण कोण असतं? मी म्हणालो, आम्ही दोघंच. तुझं नाव सांगितलं तर तपासायला माणूस तुझ्या दारात येणार, सासरी कळणार, चार घरांत बोभाटा होणार. तुझी अब्रू राखतोय असं मी स्वतःला सांगत होतो. राखत होतो माझीच. तुझ्या आईला तपासलं, तिच्यात जंतू निघाला, आजार नाही. तो जागा होऊ नये म्हणून तिला गोळ्या चालू आहेत. परवा डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, घरात लहान लेकरू होतं का? लहान लेकरात तो फार दिवस पडून राहत नाही, लवकर उठतो. तुझी आई माझ्याकडं बघत राहिली. मी पुन्हा नाही म्हणालो. घरी आल्यावर ती जेवली नाही. म्हणाली, "आवं, पोरगी तुमाला वाईट म्हणाली, त्ये मी गिळलं. पर लेकराचं मी गिळणार न्हाई. तुमी सांगा, न्हाईतर मी जाऊन सांगती."

आज सकाळी मीच जाऊन तुझं नाव, तुझा पत्ता दिला. दोनतीन दिवसांत तुमच्याकडची आरोग्यसेविका येईल. ती दारात उभी राहायच्या आत तुला माझ्याकडून कळावं म्हणून हे पत्र. खरं तर तिची वाट बघू नकोस. हे वाचलंस की लगेच क्रांतीला घेऊन दवाखान्यात जा, तुझीही तपासणी कर. आजार नसला तरी औषध देतील, ते मध्येच सोडू नकोस. घरात कोणी तोंड वाकडं केलं तर माझं नाव सांग. आता मला त्याचं काही नाही. आणि एक तुला कोणी सांगितलं नसेल. ती झाली त्या दिवशी मी म्हसवडच्या बाजारात पेढे वाटले होते. मुलगी झाली तर जिलेबी वाटायची, असं लोक म्हणाले. मी पेढेच वाटले. तरी तू रागाव, रागावण्यासारखंच केलंय मी. पण आधी तिला तपासून आण.

तुझाच,
आबा