बिनकानाचा कप

आखाजीचा दुसरा दिवस, संध्याकाळ, धुळे

आज इतकी खूश आहे की वरण लागलं तरी कळलं नाही मला. माझा नातू गोपाळ टीबीनं आजारी पडला, तेव्हा बँडवाल्या नानांनी उंबऱ्यातूनच त्याच्याकडची बँडची क्लॅरिनेट मागून नेली. पाणीही प्यायले नाहीत. आजाऱ्याचा बिनकानाचा कप वेगळा ठेवलेला दिसला ना! आता पोरगा बरा झाला, डॉक्टरच म्हणाले वाजव, तर आज नाना दारात. "अक्का, लग्नं तोंडावर आली, गोपाळला पाठवा."

"बसा, चहा घ्या," म्हटलं. दिला त्याच कपात. ओळखला त्यांनी. हात थांबला.

"बठ्ठा प्या नाना, उष्टा नाही ठेवायचा."

प्यायले बिचारे. मग सांगितलं, गोपाळनं जळगावच्या बँडची सुपारी घेतली.

कप वेगळाच ठेवलाय. आता नानांचा.