आठ क्रेटच्या चिठ्ठ्या

प्रिय लारास,

आपल्या प्राध्यापिका बू एंदांगनी तुझ्या चिठ्ठ्या टेबलावर एकेक करून उलटल्या आणि पहिल्या चार सोडल्या तर प्रत्येकीवर आठ, आठ, आठच निघालं, त्या मिनिटाला माझं सगळं बदललं. त्याआधी मी पुरवठा साखळी व्यवस्थापनाच्या तिसऱ्या वर्षातला बऱ्यापैकी विद्यार्थी होतो. त्यानंतर दीड वर्ष मी सुराबायाच्या गल्ल्यांतून क्रुपुकच्या तळलेल्या चकत्यांचे डबे भरत फिरतोय. तुला हे सगळं ठाऊक आहे. पण माझ्या बाजूने तू ते कधी ऐकलं नाहीस, आणि आज आभाळ भरलंय, चकत्या वाळायच्या नाहीत, कढई थंड आहे. तेव्हा ऐक.

बूंच्या वर्गातल्या त्या पुरवठा साखळीच्या खेळात तू दुकानात बसली होतीस आणि मी पार दुसऱ्या टोकाला, कारखान्यात. मधे योयोक घाऊकवाला आणि दिता गोदामवाली. बोलायचं नाही, नुसती मागणीची चिठ्ठी पुढच्याकडे सरकवायची. मी त्या वर्गाला येत होतो तेच मुळी तुझ्याशी बोलायला मिळावं म्हणून, त्यामुळे मला ही शिक्षाच होती. पाचव्या आठवड्याला बूंनी गिऱ्हाइकाची मागणी चार क्रेट सरबतावरून आठवर नेली आणि तिथेच ठेवली, हे फक्त तुला दिसत होतं. तू शहाण्यासारखे आठ मागवलेस. योयोकने घाबरून बारा केले, दिताने वीस, आणि पुढच्या फेऱ्यांत फुगत फुगत माझ्या हातात चाळीसची चिठ्ठी आली. मला वाटलं, लारासच्या दुकानापुढे रांग लागलीय आणि तिच्या फळ्या रिकाम्या आहेत. मी साठ बनवायला घेतले. हिशेब केलाच नाही गं. तुझं दुकान कोरडं पडू नये, एवढंच डोक्यात होतं.

शेवटी माझ्याकडे तीनशे बारा क्रेट पडून. विभागाच्या इतिहासात एवढा माल कुणी साठवला नव्हता, असं बूंनी फळ्यावर लिहिलं. वर्ग हसला. योयोक म्हणाला, "चला, गालिहच्या लग्नात सरबताचा खर्च वाचला." माझे कान पेटले. तुझ्याकडे बोट दाखवून मी भर वर्गात म्हणालो, "दुकानात बसलेलीला आपल्याला काय हवंय तेच कळत नाही, त्याला मी काय करू?" मग बूंनी त्या चिठ्ठ्या उलटल्या. तू गठ्ठा गोळा केलास, कडा नीट जुळवल्यास, रबर लावलंस. शिव्या दिल्या असत्यास तर बसून राहिलो असतो. मी पिशवी उचलली आणि निघालो. उद्या येऊ म्हटलं होतं. उद्याला दीड वर्ष लागलं.

घरी आई रडली, बाबा चिडले. पाकदे तुकिमानना, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाला, मात्र आनंद झाला. त्यांच्या तळणघराला फुकटचा माणूस मिळाला. त्यांनी मला मोपेड दिली, मागे दोन्ही बाजूंना क्रुपुकची पोती, आणि चाळीस टपऱ्यांचा फेरा. प्रत्येक टपरीत आपला पत्र्याचा डबा, पुढून काच. मी आपला शिकलेला, वही घेऊन गेलो. प्रत्येकीला विचारलं, पुढच्या आठवड्याला किती ठेवू? चहावाल्या बू सुमी म्हणाल्या, ठेव की शंभर. मी शंभर ठेवले. दुसऱ्याही म्हणाल्या, आमच्याकडेही शंभर. आठवड्याने निम्मे तसेच, सर्द, ओल्या पुठ्ठ्यासारखे. नियमाप्रमाणे न खपलेला माल आमचाच, तो परत घ्यावा लागला. पाकदे म्हणाले, "विद्यापीठात पुरवठा शिकलास, खाणं शिकला नाहीस." मी चिडून बू सुमींकडे भांडायला गेलो. त्या ग्लास विसळतच बोलल्या, "अरे, तू विचारलंस म्हणून मी सांगितलं. चकत्या माझ्या पैशाच्या थोड्याच आहेत? डबा बघ की. माझं तोंड काय बघतोस?"

पाकदे तीस वर्षं हेच करत होते. ते कुणालाही काही विचारत नाहीत. काचेतून डोकावतात, किती खाल्लं गेलं बघतात, तेवढंच भरतात. आमच्या साखळीत चिठ्ठीच नाही, त्यामुळे फुगायला काही नाही. मोपेडवर बसल्या बसल्या मला तो सगळा खेळ कळला, आणि कळल्यावर इतकं हसू आलं की मागचा रिक्षावाला म्हणाला, "दादा, हसून झालं असेल तर सिग्नल हिरवा आहे."

मागच्या मंगळवारी मी बू एंदांगकडे माफी मागायला गेलो. त्यांनी मला माफीचं एक वाक्यही पुरं करू दिलं नाही. रिकाम्या वर्गात नेऊन खडू दिला आणि तासभर डब्यांबद्दल विचारत राहिल्या: फेरा किती दिवसांनी, दमट दिवसांत काय करता, टपरीवाल्या लपवाछपवी करतात का. मग खणातून माझा रजेचा अर्ज काढला. तो त्यांनीच भरून ठेवला होता. म्हणाल्या, "नाव मी काढलंच नव्हतं. रागावलेली मुलं परत येतात, जरा वेळ घेतात. सोमवारपासून बस. खेळ पुन्हा खेळावा लागेल." मग चष्मा पुसत, माझ्याकडे न बघता: "सहायक लारास आहे. गुण देताना हात आखडते."

आता खरं कारण. त्यांच्या टेबलावर तुझा फॉर्म होता, सहायकांनी शुक्रवारपर्यंत भरून द्यायचा. त्यात एक चौकट आहे: नात्यामुळे किंवा जवळिकीमुळे ज्यांचे पेपर तपासता येणार नाहीत, त्या विद्यार्थ्यांची नावं. तुझी ती चौकट रिकामी होती. लारास, त्या दिवशी सगळ्यांसमोर जे बोललो ते खोटं होतं, आणि ते सोमवारी वर्गात उभा राहून सगळ्यांसमोरच सांगणार आहे. ते तू काहीही केलंस तरी. पण मला तू आवडतेस, पहिल्या वर्षापासून, हे मात्र आधी एकट्या तुला सांगायचं होतं. तुला चालत असेल तर त्या चौकटीत माझं नाव लिही. माझे पेपर दुसरा कुणीतरी तपासेल आणि रविवारी मी तुझ्या आईबाबांना भेटायला येईन, केस विंचरून. चालत नसेल तर चौकट तशीच ठेव. मी पहिल्या बाकावर बसेन, तू हवं तर नापास कर, मी भांडणार नाही. (थोडंसं भांडेन.)

आज शुक्रवार आहे. फॉर्म बाराला बंद होतो आणि आता सव्वादहा झालेत. विभागात तुझ्या हातातच हे पत्र द्यायचं म्हणून पाकदेंचा इस्त्रीचा शर्ट घातलाय. ते आतून ओरडतायत की शर्ट काढ. ही ओळ दाराबाहेर उभ्यानेच लिहितोय. किल्ली घेतली, बाहेर पडलो, दार ओढून घेतलं.

तुझाच, तू म्हणशील तर,
गालिह